लोकसभेच्या 'जागा' आणि 'परिसीमन'

सातपुडा_पायथा: धुळ्यातल्या एका वादविवाद स्पर्धेसाठी टिपण करतोय. विषय: लोकसभा किती जणांची असावी. मी 'लोकसभेत आता ८८८ जागा' असं लिहिलं, ते सरांनी खोडलं. म्हणे नव्या सभागृहात आसनं ८८८, जागा ५४३च. पण एस.टी.त आपण रुमाल टाकून जागाच धरतो ना?

तापीकाठ: सरांचं बरोबर. जागा लढवतात, आसनावर बसतात. पोटनिवडणूक लागली की आमचे आबा 'जागा खाली झाली' म्हणायचे.

शुद्धमराठी: खाली नव्हे, रिक्त. हिंदी कशाला?

तापीकाठ: भाऊ, 'जागा'च मुळात फारसी 'जायगाह'वरून आलीय. ती पण काढता का?

भरीत_भाकर: जागा 'जागणे'वरून. निवडून आलेल्याने जागं राहावं म्हणून! आमच्याकडे अहिराणीत म्हणतील, खुर्च्या गह्या शेतस (खूप आहेत), बठनार कोन?

सातपुडा_पायथा: बरं, परिसीमन लिहू की मतदारसंघांची फेररचना?

एरंडोलकर: फेररचना. २००८ मध्ये आमचा एरंडोल लोकसभा मतदारसंघ गेला, रावेर आला, राज्याच्या जागा मात्र ४८ च्या ४८. शेताचा बांध सरकवला म्हणून जमीन वाढत नाही. आकडा वाढवायचा तर 'सदस्यसंख्या वाढ' म्हणा.

तापीकाठ: घटनेत दोन्ही जोडीनेच येतं. दर जनगणनेनंतर राज्यांचं जागावाटपही करायचं, सीमाही आखायच्या. वाटप १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर गोठवलं, ८४ व्या दुरुस्तीने ते २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवलं. म्हणून तुम्हाला नुसते बांध सरकताना दिसले. शिवाय निवडून येणाऱ्यांची कमाल मर्यादा ५५०. दक्षिणेकडची राज्यं कशाला हरकत घेतायत? लोकसंख्या आवरली म्हणून त्यांचा वाटा घटेल, ही भीती. नुसत्या 'सदस्यसंख्या वाढ'मध्ये ते येतच नाही.

शुद्धमराठी: 'जागावाटप' तर नकोच. ते आघाड्यांमधलं भांडण वाटतं. आणि 'गोठवलं' हे इंग्रजीवरून. 'स्थगित' म्हणा.

भरीत_भाकर: मे महिन्यात जळगावात काय गोठतं? 'अडवलं' लिहा.

सातपुडा_पायथा: टिपण उद्या द्यायचंय हो! परिसीमन की फेररचना?

एरंडोलकर: आधी मला सांगा, धुळ्याच्या मतदारसंघात मालेगाव आणि बागलाण कसे? ते तर नाशिक जिल्ह्यातले.

तापीकाठ: आणि रावेरमध्ये मलकापूर? बुलढाणा जिल्हा, थेट वऱ्हाड!

भरीत_भाकर: मलकापूरवाल्यांना खानदेशी म्हणून बघा, मग समजेल.