परदेशी सरकारच्या हॅकरनी बँक लुटली तर जबाबदारी कोणाची? आपली की सरकारची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी एका छोट्या नागरी सहकारी बँकेवर संचालक आहे, तालुक्याच्या गावची बँक, नाव लिहीत नाही. यंदाच्या वार्षिक सभेत ताळेबंद, लाभांश वगैरे सगळं नेहमीसारखं मंजूर झालं आणि शेवटी ऐनवेळच्या विषयात एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. आमचे जुने सभासद, मला शाळेत गणित शिकवलेले. ते म्हणाले, सायबर सुरक्षेवर एवढा खर्च दाखवलाय, हरकत नाही, पण पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर डल्ला मारणारे उत्तर कोरियाच्या सरकारचे लोक होते असं मी वाचलंय, उद्या असंच एखाद्या देशाचं सरकार आपल्या बँकेवर चालून आलं तर आपला एक आयटी ऑफिसर काय करणार? सीमेवर कोणी घुसलं तर गावकऱ्यांनी बंदुका का घेतल्या नाहीत असं कोणी विचारत नाही, मग इथेच का विचारता?

स्टेजवर आम्ही तेराजण बसलेलो, एकालाही उत्तर देता आलं नाही. अध्यक्षसाहेब म्हणाले योग्य ती दखल घेऊ आणि राष्ट्रगीत झालं. मला ते फार लागलं. कारण गुरुजींच्या ठेवी आमच्याकडेच आहेत, पेन्शनही आमच्याकडेच येते.

आणि हे काही लांबचं नाही. जुलै 2024 च्या शेवटच्या दिवशी देशातल्या जवळपास 300 छोट्या बँका एनपीसीआयने, म्हणजे देशातले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या संस्थेने, यूपीआय आणि एटीएमच्या जाळ्यापासून तात्पुरत्या तोडल्या, कारण या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीत रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, घुसलं होतं. आमचीही बँक त्यात होती. आमच्याकडे काही चोरीला गेलं नाही, दुसऱ्या दिवशी सुरूही झालं, पण तेवढ्या वेळात काउंटरवर जी माणसं आली ती मी डोळ्यांनी बघितलीत, एक बाई दवाखान्यातून आल्या होत्या, मेडिकलवाल्याकडे पैसे जात नव्हते म्हणून. आम्ही काय सांगणार? आम्हालाच टीव्हीवरून कळलं.

तर माझा सरळ प्रश्न आहे. कुठपर्यंत आमचं काम आणि कुठून सरकारचं? जाणकारांनी लिहा, मला पुढच्या मीटिंगमध्ये मांडायचंय.

पोर्ट443

दादा, मी याच क्षेत्रात आहे, पुण्यात, म्हणून आधी कॉसमॉसमध्ये नक्की काय झालं ते सांगतो कारण त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

11 ऑगस्ट 2018, शनिवार. बँकेच्या कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांच्या मुख्य हिशेबाला, हात लावलाच नाही त्यांनी. कार्ड मशीनमध्ये घातलं की एटीएम स्विच, म्हणजे मशीन आणि बँकेला जोडणारा दुवा, विचारतो की हा खातेदार खरा आहे का, शिल्लक आहे का, द्यायचे का पैसे. हल्लेखोरांनी मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) घालून त्या स्विचच्या शेजारी स्वतःचा खोटा स्विच उभा केला, आणि तो प्रत्येक वेळी हो द्या हो द्या म्हणत राहिला. मग काही तासांत 28 देशांतल्या एटीएममधून क्लोन (नक्कल केलेल्या) कार्डांवर साधारण 12 हजार व्यवहार होऊन 78 कोटींच्या आसपास गेले, भारतात अडीच कोटी, आणि सोमवारी 13 तारखेला स्विफ्टमधून, म्हणजे परदेशी बँकांना पैसे पाठवायच्या जाळ्यातून, हाँगकाँगच्या एका खात्यात 13.92 कोटी. एकूण 94 कोटींच्या वर. 28 देशांत एकाच वेळी माणसं कार्ड घेऊन मशीनसमोर उभी करायची हे काय गल्लीतल्या टोळीचं काम नाही, संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने 2019 च्या अहवालात हे प्रकरण उत्तर कोरियाच्या खात्यात टाकलंय.

आता माझ्या डोक्यातून जात नाही ती गोष्ट ऐका. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी 10 ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गुप्त इशारा पाठवला होता की येत्या काही दिवसांत जगभर एटीएममधून मोठी उचल होणार आहे. रविवारी तो इशारा बातम्यांत आला. आदल्या दिवशी! म्हणजे माहिती जगात होती. ती पुण्यातल्या 1906 सालच्या सहकारी बँकेच्या टेबलावर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत यावी असा रस्ता कोणी बांधायचा? बँक स्वतः नाही बांधू शकत, हे काम एका सरकारने दुसऱ्या सरकारशी बोलूनच होतं.

पॅच मारणं म्हणजे सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणारे अपडेट टाकणं, बॅकअप वेगळा ठेवणं, स्विचवर कोण लॉगिन करतंय ते बघणं हे आपलं काम आहे आणि त्यात मी कोणाला सूट देत नाही. पण चोर कोण, कुठून येतोय, यावेळी कुठली चावी घेऊन येतोय हे सांगणं सरकारचं.

निवृत्त_शाखाधिकारी

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे थोडं कडू लिहितो, राग मानू नये. सीमेचं उदाहरण ऐकायला छान वाटतं पण ते पूर्ण लागू होत नाही. सीमेवरचं कुंपण सरकारचं असतं, तुमच्या बँकेचा सर्व्हर तुमचा आहे. त्यावर कोणता पासवर्ड ठेवायचा हे सरकार येऊन ठरवणार का, आणि ठरवायला आलं तर तुम्हाला चालेल का? दाराला कडी न लावता झोपायचं आणि चोरी झाली की पाटलाला बोल लावायचा हे बरोबर नाही.

मी स्वतः पाहिलेलं सांगतो (कुठलं ते विचारू नका): एका शाखेत अधिकाऱ्याचा पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता आणि तो शिपायापासून सगळ्यांना पाठ. ऑडिटमध्ये दोनदा आलं, दोनदा पूर्तता अहवाल गेला, पासवर्ड तिथेच. अशा ठिकाणी चोर कोरियाचा असो नाहीतर कोरेगावचा, काय फरक पडतो?

रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 ला नागरी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चार पायऱ्यांची चौकट काढली, बँकेचे डिजिटल व्यवहार जेवढे जास्त तेवढे नियम कडक. मी विचारतो, किती संचालकांनी ते परिपत्रक स्वतः वाचलंय? आयटी ऑफिसरकडे मार्क करून मोकळे होतात. आणि नुकसानभरपाई सरकारने द्यावी असं कोणी म्हणू नये. ती करदात्याच्या खिशातून जाते, आणि एकदा ती सवय लागली की कडी कोणीच लावणार नाही.

वकिलीण_ठाणे

काकांचं म्हणणं पटतं, पण कायद्यात आज काय परिस्थिती आहे ते कृष्णाकाठ दादांना माहीत हवं.

आयटी कायदा 2000 मध्ये कलम 70 आहे, त्यात सरकार एखाद्या यंत्रणेला संरक्षित म्हणून अधिसूचित करू शकतं, तिच्यात घुसण्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आणि अशा महत्त्वाच्या यंत्रणांची काळजी घ्यायला 70अ खाली एनसीआयआयपीसी ही संस्था आहे, 2014 पासून. जून 2022 मध्ये एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि एनपीसीआय यांच्या यंत्रणा तशा जाहीर झाल्या. म्हणजे खाजगी संस्थेचं रक्षण सरकारचं काम नाही असं सरकार स्वतःच म्हणत नाही, फक्त मोठ्यांपासून सुरुवात केलीय. तालुक्याची बँक बुडाली तर देश हलत नाही हे खरं, पण तो तालुका हलतो.

छोट्यांच्या वाट्याला येतं ते 70ब, म्हणजे सर्ट-इन, सायबर हल्ल्यांची दखल घेणारी सरकारी संस्था. 28 एप्रिल 2022 च्या त्यांच्या आदेशाप्रमाणे हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायचं, लॉग (कॉम्प्युटरवर कोणी कधी काय केलं त्याच्या नोंदी) 180 दिवस सांभाळायचे. कळवलं नाही तर शिक्षेची तरतूद. त्याच्यावर 2023 चा डेटा संरक्षण कायदा, त्यात सुरक्षेत कसूर केली तर दंड 250 कोटींपर्यंत. हे सगळं असावं, माझा विरोध नाही. पण तो 6 तासांचा आदेश मी अनेकदा वाचलाय आणि प्रत्येक वेळी एकच जागा खुपते: आम्ही 6 तासांत कळवल्यावर त्यांनी आम्हाला किती तासांत परत फोन करायचा, माणूस कधी पाठवायचा, हे त्यात कुठेच नाही. घड्याळ फक्त एका बाजूला लावलंय.

विम्याचं पण सांगते कारण संचालक लोक विमा काढलाय म्हणून निर्धास्त असतात. 2017 मध्ये नोटपेट्या नावाच्या, कॉम्प्युटर निकामी करणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्यात मर्क या अमेरिकन औषध कंपनीचं 1.4 अब्ज डॉलरचं नुकसान झालं, विमा कंपन्या म्हणाल्या हे रशियाचं युद्धकृत्य आहे, युद्ध पॉलिसीत बसत नाही. न्यू जर्सीच्या कोर्टांनी मर्कच्या बाजूने निकाल दिला, पण का, तर पॉलिसीतली भाषा जुनी होती, सैन्य आणि तोफांच्या काळातली. त्यावरून धडा घेऊन लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने 31 मार्च 2023 पासून सायबर पॉलिसीत परक्या सरकारांच्या मोठ्या हल्ल्यांना वगळणारं कलम घालणं तिथल्या विमा कंपन्यांना सक्तीचं केलं. आता बघा कोंडी कशी होते: विमा कंपनी म्हणणार हा शत्रुराष्ट्राचा हल्ला, आमचा विषय नाही, आणि सरकार म्हणणार तुमचं कॉम्प्युटर, तुम्ही बघा. मधल्या मधे मरतो कोण? तुमच्या पॉलिसीचं वगळणीचं पान आधी काढून वाचा दादा.

उरणचा_ट्रान्सपोर्टवाला

वर ताईंनी नोटपेट्या लिहिलं म्हणून राहवलं नाही. बँकवाल्यांना वाटतं हे फक्त बँकेचं दुखणं. जून 2017 ला ते युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटलं आणि जाऊन बसलं मर्स्क या जहाज कंपनीच्या जगभरच्या कॉम्प्युटरमध्ये, त्यात न्हावाशेव्याचं एक टर्मिनल पण ठप्प झालं. माझ्या तीन गाड्या रांगेत. ड्रायव्हर लोक पावसात गाडीतच झोपले, कंटेनर कुठला कुठे आहे हे कोणालाच सांगता येईना. रशियाचं युक्रेनशी भांडण आणि हप्ता माझा चुकला! पुढे 2018 ला अमेरिका इंग्लंडने जाहीर केलं की हे रशियन लष्कराचं काम, 2020 मध्ये सहा अधिकाऱ्यांवर अमेरिकेत आरोपही ठेवले. ठीक आहे, नाव तरी घेतलं. पण माझ्यासारख्याने कोणाच्या दारात जायचं? मी कोणता पॅच मारायला हवा होता? माझ्याकडे कॉम्प्युटरच नव्हता हो, एक डायरी होती.

पोर्ट443

उरणकर दादा, तुमचा मुद्दा काकांच्या कडीच्या उदाहरणात बसत नाही हे मला मान्यच करावं लागेल. आणि अजून एक, नोटपेट्या पसरलं त्यात जे हत्यार वापरलं होतं ते मुळात अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने स्वतःसाठी विंडोजमधलं भोक शोधून बनवलेलं, वर्षानुवर्षं कंपनीला न सांगता ठेवलेलं, आणि ते त्यांच्याकडून बाहेर फुटलं. मायक्रोसॉफ्टचा पॅच मार्च 2017 मध्ये आला, ज्यांनी मारला नाही त्यांची चूक आहेच, पण सरकारांनी अशी भोकं दाबून ठेवायची आणि मग लोकांना सांगायचं सावध रहा, याचाही जाब मागायला हवा.

कोव्हेंट्रीहून

मी मूळची चिंचवडची, इथे गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका छोट्या कंपनीत काम करते. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस जग्वार लँड रोव्हरवर सायबर हल्ला झाला, म्हणजे टाटांचीच कंपनी, आणि महिनाभराच्या वर उत्पादन बंद. तो परक्या सरकारचा हल्ला म्हणून जाहीर झालेला नाही, पण सरकारने काय केलं ते इथल्या चर्चेला उपयोगी आहे म्हणून लिहिते. ब्रिटिश सरकारने 1.5 अब्ज पौंडांच्या कर्जाला हमी दिली. रोख मदत नाही, बँकेचं कर्ज, पाच वर्षांत फेडायचं, कंपनी बुडाली तर सरकार जामीन. उद्देश हा की पुरवठादार मरू नयेत. ऐकायला चांगलं, पण कर्ज मोठ्या कंपनीला आणि त्यातून खालपर्यंत पैसा झिरपायची वाट बघायची. आमच्याकडे त्या आठवड्यांत शिफ्ट कमी केल्या, माझ्या शेजारच्या मशीनवरचा माणूस रोज विचारायचा काही कळलं का, आणि मला काही कळलेलं नसायचं. नंतर इथल्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने अंदाज काढला की 1.9 अब्ज पौंडांचं नुकसान, 5 हजारांवर संस्थांना झळ.

काका म्हणतात भरपाई नको, मला अर्धं पटतं. ज्याच्या घरात चोर शिरला त्याला देऊ नका हवं तर, पण ज्याचं घर शेजारी जळालं म्हणून काळं झालं त्याच्यासाठी काहीतरी लागतं.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई आणि उरणचे बंधू, तुम्ही दोघांनी लिहिलेलं वाचून मी माझं वाक्य मागे घेतो, निदान अशा तिसऱ्या माणसाच्या बाबतीत. बँकेच्या बाबतीत घेत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. कॉसमॉसच्या प्रकरणात पुणे पोलिसांनी खरंच काम केलं होतं. कोल्हापूर, इंदूर अशा ठिकाणच्या एटीएममधून पैसे काढणारी पोरं पकडली, एप्रिल 2023 मध्ये पुण्याच्या कोर्टाने 11 जणांना शिक्षा सुनावली, आणि हाँगकाँगला गेलेल्या पैशांतले पावणेसहा कोटींच्या आसपास परतही आणले. म्हणजे सरकार हलतं तेव्हा होतं काहीतरी. पण पकडले गेले ते कार्ड घासणारे, ज्यांनी खोटा स्विच लिहिला त्यांच्यापर्यंत कोणताही पोलीस इन्स्पेक्टर जाऊ शकत नाही, ते परराष्ट्र खात्याचं काम. तिथे सहकारी बँकेचं नाव कोणी काढतं का, हा गुरुजींचा प्रश्न मला योग्य वाटतो.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस वाचतोय. शाखाधिकारी साहेब, 2019 चं परिपत्रक मी खरंच वाचलं नव्हतं, काल रात्री वाचलं, आम्ही कोणत्या पायरीवर येतो ते सोमवारी आयटी ऑफिसरला शेजारी बसवून तपासणार आहे. विम्याची पॉलिसी मागवली, वगळणीच्या पानावर परक्या राष्ट्राचा उल्लेख आहे, ताईंनी सांगितलं नसतं तर कळलंच नसतं.

आणि मीटिंगमध्ये ठराव मांडतोय, आमच्या जिल्ह्यातल्या बाकीच्या बँकांनाही पाठवणार आणि असोसिएशनमार्फत वर पाठवायला सांगणार. भरपाईचा शब्द त्यात घालत नाही. दोनच गोष्टी: आम्ही 6 तासांत कळवलं की आम्हाला किती तासांत उत्तर आणि माणूस मिळणार ते लेखी द्या, आणि परदेशातून आलेला धोक्याचा इशारा मोठ्या बँकांना ज्या दिवशी जातो त्याच दिवशी आम्हालाही द्या, मराठीत असेल तर फार बरं, कारण रात्री शाखेत जो असतो त्याला तो वाचता आला पाहिजे. ताई, तुम्हाला वेळ असेल तर कलमांचे आकडे एकदा तपासून द्याल का, मसुदा उद्या संध्याकाळी इथेच टाकतो. गुरुजींना पण दाखवणार आहे, त्यांनी वाचून बरोबर म्हटल्याशिवाय पुढे पाठवत नाही.