चिलिका आणि समुद्र यांच्या मधली वाळूची पट्टी : नागपूरकरांचे अनुभव

नागपूरहून पुरीला जाणाऱ्यांना तोटा नाही. ओडिशातलं पुरीजवळचं चिलिका सरोवर मात्र अर्ध्या दिवसात उरकायची जागा होऊन बसलं आहे. सातपाडा या काठावरच्या गावासमोर एका अंगाला बंगालचा उपसागर, दुसऱ्या अंगाला सरोवर आणि मध्ये लांबलचक वाळूची पट्टी आहे. तिथे दोन दिवस शांतपणे कसे घालवायचे, हे माहीत असलेल्यांनी लिहावं. ‘छान आहे’ एवढंच नको, नेमकं सांगा.

धरमपेठहून
आधी गाडीचा मार्ग पाहा. नागपूरवरून जाणाऱ्या अहमदाबाद–पुरी गाड्या सगळ्या एका वाटेनं जात नाहीत. काही संबलपूर–अंगुलकडून जातात, काही तितलागड–विजयनगरम्–ब्रह्मपूरकडून. दुसऱ्या वाटेवर बालुगाव लागतं, पण ते सरोवराच्या पश्चिम काठावर आहे. तिथून बरकुलचा बोटीचा धक्का आणि कालीजाईचं बेट जवळ, वाळूची पट्टी मात्र पलीकडे राहते. पट्टीसाठी पुरीलाच उतरा. पुढे ब्रह्मगिरीवरून सातपाडा साधारण 50 किलोमीटर. मुक्काम सातपाड्यातच करा, पुरीत नको. कारण खाली कोणीतरी लिहीलच.

प्रतापनगरहून
कारण हे घ्या. बोट सकाळी सहा-साडेसहाला निघाली पाहिजे. दिवस चढला की वारा सुटतो, पाण्यावर लाटा उठतात आणि डॉल्फिनची राखाडी पाठ त्यांत हरवते. शिवाय दहानंतर पुरीकडच्या पर्यटकांच्या बोटी येतात, मग पाण्यात नुसती इंजिनं.

हा इरावडी डॉल्फिन. याला चोच नाही. डोकं बोथट, पाठीवरचा पर लहान आणि गोलसर. उंच उडी मारेल म्हणून वाट पाहू नका. स्थिर पाण्यात आधी ‘फुस्स’ असा श्वास ऐकू येतो, मग क्षणभर पाठ दिसते आणि संपलं. म्हणून नावाड्याला निघण्यापूर्वीच सांगा : दिसला की इंजिन बंद, पाठलाग नाही. इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांनी हे जीव जखमी होतात, मरतातही.

ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या : भाडं पूर्ण बोटीचं की माणशी, एकूण तास किती, आणि समुद्रमुखावर, म्हणजे सरोवर समुद्राला मिळतं तिथे, थांबणार किती वेळ. लाइफ जॅकेटचं बक्कल स्वतः लावून पाहा. सरोवर बऱ्याच ठिकाणी दोन मीटरही खोल नाही. पात्यात शेवाळ अडकून बोट थांबली तर घाबरू नका, पण सगळे एका बाजूला उभे राहू नका.

समुद्रमुखाजवळ शिंपला तुमच्यासमोर चाकूनं उघडून ओला, चकचकीत मोती काढून दाखवतात. इतका गोल, एकाच मापाचा मोती प्रत्येक शिंपल्यात निघत नसतो. घेऊ नका.

महालमधून
पट्टीवरच्या राजहंस किनाऱ्यावर आंघोळीला उतरू नका. ओहोटीला सरोवराचं पाणी मुखातून जोरात बाहेर ओढलं जातं, आणि वाचवायला किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात. मुखही एका जागी राहत नाही. गाळानं वाट बुजत चालली, खारेपणा घटला, मासळी कमी झाली, म्हणून सप्टेंबर 2000 मध्ये नवं मुख खोदलं. पुढे वाळूनं आणखी जागा बदलल्या. म्हणून जुन्या अंतराच्या हिशेबानं बोटीचे तास ठरवू नका.

सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी ठेवा. आपलं ऊन कोरडं, तिथे घाम सुकतच नाही, तेव्हा ओआरएसची पुडी असू द्या. लाल खेकडे पाहायचे तर दोन मिनिटं अगदी स्तब्ध उभं राहा. बिळांतून आधी डोळे वर येतात, मग सगळी वाळू लाल होते.

सक्करदऱ्याहून
चारचाकी असेल तर सातपाडा–जान्हीकुडा फेरीबोटीनं गाडी पलीकडे न्या. फेरीच्या वेळा आदल्या संध्याकाळी धक्क्यावरच विचारा. पुढचा रस्ता कृष्णप्रसाद, मालुद करत पालूरकडे आणि तिथून रंभाकडे निघतो. हा खरा निवांत भाग. पेट्रोल आधीच भरून घ्या, रोख पैसेही जवळ ठेवा.

आपल्या नागपूरकरांनी तर ही पट्टी पाहायलाच हवी. 1751 पासून ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे होतं. सप्टेंबर 1803 मध्ये इंग्रज फौज गंजामहून समुद्र आणि चिलिका यांच्या मधल्या याच वाळूनं माणिकपाटण्याकडे आली आणि 18 तारखेला पुरीत शिरली. डिसेंबरात देवगावचा तह झाला, कटक प्रांत इंग्रजांकडे गेला. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला संथ पाणी : तिथे उभं राहिल्यावर फौजेला दुसरी वाट का नव्हती ते उमगतं.

त्रिमूर्तीनगरहून
पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सरोवरातलं पक्ष्यांचं नलबण बेट पावसाळ्यात पाण्याखाली असतं. जवळून पाहायचे तर उत्तरेला तांगीजवळचं मंगलाजोडी गाठा. तिथे इंजिन नसलेली होडी बांबूनं ढकलतात, पक्षी उडत नाहीत. पांढरे, लाल कपडे टाळा.

खेकडा आणि कोळंबी मागवताना भाव वजनावर ठरवा, आणि वजन कच्च्याचं की शिजवलेल्याचं ते विचारा. मोहरीच्या रश्श्याची चव आपल्या सावजीपेक्षा वेगळीच, ठसका नाकात जातो. शाकाहारींनी दालमा (भाज्या घातलेली डाळ) आणि भात सांगावा, पण सकाळी बोटीत बसण्यापूर्वीच, कारण पुष्कळ ठिकाणी सांगितल्यावरच चूल पेटते.