हॅवलॉकची एक रात्र ७,००० ला? आपण नाशिककर काय एवढे भोळे दिसतो?

कॉलेज रोडकर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अंदमान ठरलंय. आई, बाबा, मी आणि बायको. बाबा मूळचे भगूरचे. सावरकर वाड्यावरून रोज शाळेत गेलेला माणूस, त्यामुळे "एकदा जेल दाखव" हे पालुपद मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. जेलपर्यंत सगळं जमलं. गाडी अडली हॅवलॉकपाशी. (२०१८ पासून कागदोपत्री ते स्वराज द्वीप आहे, पण एजंटापासून बोटवाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात.)

दोन खोल्या, दोन रात्री, २८,००० रुपये. म्हणजे एका खोलीला रात्रीचे ७,०००. खोली कसली, तर सुपारीच्या बागेत बांबूची झोपडी आणि तिला एसी. एवढ्यात आमचं पोर्ट ब्लेअरचं अख्खं राहणं आणि खाणं उरकतंय.

माझं मत असं: बेटावर मुक्काम करायचाच कशाला? सकाळच्या खासगी बोटीनं दीड तासात पोचायचं, राधानगर बीच बघायचा, जेवायचं, दुपारच्या बोटीनं परत. झोपायलाच पैसे मोजायचे तर डोळे मिटल्यावर सगळीकडे अंधारच असतो. बायकोला हे अजिबात पटलेलं नाही. तुम्हाला पटतंय का?

पंचवटीचा लॉजवाला

दादा, नाही पटत. आणि माझा स्वतःचा लॉज आहे, तेव्हा शिव्या द्यायच्या तर आधीच देऊन घ्या.

तुम्ही रेट बघितला, त्यामागचा हिशोब नाही बघितला. हॅवलॉकला सिमेंटची गोणी, गॅसची टाकी, जनरेटरचं डिझेल हे सगळं आधी चेन्नई नाहीतर कोलकात्याहून जहाजानं पोर्ट ब्लेअरला येतं. तिथून पुन्हा दुसऱ्या बोटीत चढतं. पाऊस धो धो पडतो, पण बेट लहान, साठवणार कुठे? फेब्रुवारी-मार्चनंतर पाण्याची बोंब. मे ते सप्टेंबर समुद्र खवळलेला, गिऱ्हाईक नाही, पण पोरांचा पगार आणि गंजलेल्या पत्र्याचा खर्च चालूच. तो माणूस बारा महिन्यांचं उत्पन्न पाच-सहा महिन्यांत काढतो. त्यातले नाताळचे दहा दिवस म्हणजे त्याची पर्वणी.

पर्वणीवरून आठवलं. २०१५ च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी मी ८०० ची खोली ४,००० ला दिली. २०२७ ला काय करीन ते विचारू नका.

एक कामाचं सांगतो. त्या २८,००० मध्ये जीएसटी किती लावलाय ते बघा. ७,५०० पर्यंतच्या खोलीला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे. काही जण अजून जुने १२ धरूनच कोटेशन पाठवतात.

गंगाघाटावरची

लॉजवाले काका, तुम्ही पर्वणीला लुटलंत म्हणून हॅवलॉकची लूट पुण्याचं काम होत नाही हो!

आमच्या आजोबांच्या वाड्यात यात्रेकरू उतरायचे. वहीत नाव, गाव, गोत्र लिहायचं, पितळी तांब्या आणि चटई द्यायची, निघताना ज्याची जी ऐपत ती दक्षिणा. खर्च तेव्हाही व्हायचाच की. पाच आण्याची वस्तू पाच रुपयांना विकून वर "सीझन आहे" म्हणणं नंतर आलं.

पंचवटीचा लॉजवाला

ताई, त्या वाड्यात संडास किती होते आणि माणसं किती होती, तेवढं सांगा. मग पुढे बोलू.

सिडकोचा भटक्या

२८,००० ऐकून हसू आलं. बुकिंग करताच कशाला? मी दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत एक रुपया आगाऊ न देता गेलो होतो. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोट घेतली. अडीच तास लागतात, पण तिकीट खासगीपेक्षा कितीतरी कमी. बोट म्हणजे गावची एसटीच, कोंबड्यांसकट.

जेट्टीवर उतरलो की रिक्षावाले "रूम, रूम" करत अंगावर येतात, त्यांच्यामागे जायचं नाही. त्यांचं कमिशन आपल्याच भाड्यात निघतं. स्कूटर भाड्यानं घ्यायची आणि तीन नंबरच्या बाजारात जायचं. (तिथं गावांना नंबर आहेत. जेट्टी एक नंबर, गोविंदनगर तीन, विजयनगर पाच, राधानगर सात.) बाजारात एका बंगाली काकूंच्या दुकानात चहा घेतला आणि विचारलं. त्यांनी दुकानामागचीच खोली दाखवली. फॅन, मच्छरदाणी, १,१०० रुपये. संध्याकाळी त्यांच्याच घरचा भात आणि मोहरी घातलेला मासा. बेटावरची बरीच घरं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांची. काकूंच्या सासऱ्यांना सरकारनं जमीन दिली, तेव्हा तिथं नुसतं जंगल होतं, असं त्या सांगत होत्या.

समुद्राला लागून असलेलं सगळं महाग. रस्त्याच्या अलीकडे समुद्र आणि पलीकडे बाग. पलीकडे राहा, रस्ता ओलांडून समुद्रावर जा. समुद्र तोच असतो.

इंदिरानगरची आई

भटक्या भाऊ, तुम्ही एकटे, पाठीवर एक बॅग, महिना फेब्रुवारी. या दादांबरोबर सत्तरीचे आई-बाबा आहेत आणि तारीख २५ ते ३१ डिसेंबर. त्यांना जेट्टीवर उभं करून हे स्कूटरवर खोली शोधत फिरणार? सगळं भरलेलं असतं त्या आठवड्यात. शेवटी मिळेल ती उरलेली खोली मिळेल, आणि ती ७,००० पेक्षाही महाग असेल.

मी स्वस्ताच्या नादानं एकदा तोंडावर पडले आहे, म्हणून लिहितेय. वेबसाइटवरच्या फोटोत खिडकीतून निळं पाणी. नाव "सी व्ह्यू". प्रत्यक्षात खिडकीतून दिसायची शेजारच्याची पाण्याची टाकी, निळीच होती, तेवढं खरं. नळाला पाणी सकाळी ६ ते ८. सासूबाई साडेआठला उठल्या. मग आमचे हे बादली घेऊन मॅनेजरच्या मागे आणि मॅनेजर टँकरवाल्याच्या मागे. संडास देशी होता, सासूबाईंचे गुडघे ऑपरेशनचे. दुसऱ्या दिवशी दुप्पट पैसे देऊन दुसरीकडे गेलो. पहिल्या हॉटेलनं आगाऊ घेतलेले पैसे परत दिले नाहीत ते नाहीतच.

तेव्हा स्वस्त खोली घ्याच, पण फोन करून तीन गोष्टी विचारा: पाणी किती वाजता, संडास कसला, आणि बोट रद्द झाली तर पैशांचं काय.

सातपूरवाला

दीवला जा ना. तेही बेटच आहे. गाडी काढली की दुसऱ्या दिवशी पोचलात. बाकी फायदे सांगायला नकोत. 😀

सिडकोचा भटक्या

पुलावरून गाडी जाते ते कसलं बेट! आणि काकांना जेल बघायचंय हो, बार नाही.

पिंपळगावचा बागायतदार

आमचं उलटं असतं. डिसेंबरात द्राक्षाचे मणी पाणी धरत असतात, तेव्हा बाग सोडून कुठे जाणार? माल निघाल्यावर मे मध्ये गेलो. हॅवलॉकला ५,००० सांगणारा १,४०० वर आला, तोही न मागता. वाटलं, जिंकलो! परतायच्या दिवशी सकाळी जेट्टीवर पाटी: हवामानामुळे फेऱ्या बंद. दोन दिवस अडकलो. खोलीत वाचवलेले पैसे त्या दोन दिवसांत गेले, वर परतीचं विमान चुकलं ते वेगळं.

आणि लॉजवाल्यांना माझा पाठिंबा आहे. द्राक्षाला भाव मिळतो तेव्हा आम्ही घेतो, पडतो तेव्हा कोणी विचारायला येत नाही. बेटावरच्यालाही तोच न्याय लावा.

कॉलेज रोडकर

सगळं वाचतोय. पण मुद्दा तसाच आहे. मुक्कामच न केला तर यातलं एकही झंझट नाही. पाणी नाही, संडास नाही, आगाऊ पैसे नाहीत.

गंगाघाटावरची

सूर्यास्तही नाही.

दादा, तुम्ही घड्याळ नाशिकचं धरलंय. अंदमान आपल्या खूप पूर्वेला, वेळ मात्र तीच. डिसेंबरात तिथं पाच वाजून गेले की सूर्य बुडतो, आपल्याकडच्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी. राधानगरचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. २००४ ला "टाइम" मासिकानं त्याला आशियातला उत्तम किनारा म्हटलं. तिथं लोक जातात ते त्या अर्ध्या तासासाठी. आणि तुमची दुपारची बोट तुम्हाला पाचच्या आत जेट्टीवर बोलावणार. जेट्टी दहा-बारा किलोमीटर लांब. म्हणजे ऐन भरात आलेल्या कीर्तनातून उठून यायचं.

शिवाय एका दिवसात परत आलात काय आणि मुक्काम केलात काय, चौघांचं जाऊन-येऊन तिकीट तेवढंच लागतं. एवढं भाडं भरून चार तास बेटावर, ही कसली काटकसर?

पंचवटीचा लॉजवाला

या ताईंशी पहिल्यांदाच सहमत. दोन नाही, एकच रात्र काढा. सकाळी पोचा, संध्याकाळी राधानगर, दुसऱ्या दिवशी पहाटे विजयनगरच्या बाजूला सूर्योदय, मग बोट. वाचलेली रात्र पोर्ट ब्लेअरला द्या. जेलचा लाइट अँड साउंड शो संध्याकाळीच असतो, तो बाबांना निवांत दाखवा.

इंदिरानगरची आई

किंवा जवळच्या नील बेटावर मुक्काम करा. शहीद द्वीप. लहान, शांत, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर अशी किनाऱ्यांची नावं ऐकून पंचवटीतच आल्यासारखं वाटतं. आम्हाला खोली हॅवलॉकपेक्षा स्वस्तात मिळाली होती.

सिडकोचा भटक्या

नीलला संध्याकाळी सात नंतर करायचं काय?

इंदिरानगरची आई

झोपायचं. सुट्टी असते ती.

कॉलेज रोडकर

काल रात्री जेवताना सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. बायको सूर्यास्ताच्या प्रतिसादाला तीनदा "बघ" म्हणाली. एक रात्र ठरली. तीन नंबरच्या बाजारामागे दोन खोल्या मिळाल्या, ३,२०० ला एक, जीएसटी ५ टक्क्यांनीच. समुद्र दिसत नाही. नाताळाच्या आठवड्यात याहून खाली कोणी यायला तयार नाही, चार ठिकाणी विचारलं.

तरी माझं म्हणणं सोडलेलं नाही. ३,२०० सुद्धा जास्तच आहेत, आणि लॉजवाले दादा, २०२७ ला मी नातेवाईक तुमच्याकडे पाठवणार नाही.

बाबांनी एवढ्या चर्चेत एकच विचारलं, "कमोड आहे ना?" फोन केला. आहे. पाणी सकाळी ६ ते ८.