मदत हवी आहे: लोहाराने घडवलेल्या बिजागऱ्यांना बाजारचे स्क्रू शोभत नाहीत

कौलारू
नमस्कार. गणपतीला ११ दिवस राहिलेत, त्यामुळे जरा लवकर सांगा. लोहाराकडून हाताने घडवून घेतलेल्या पट्टीच्या बिजागऱ्या आणि कडी-कोयंडा आलाय. काम इतकं सुंदर झालंय की हातात घेतल्यावर खाली ठेववत नाही. पण बसवायला हार्डवेअरच्या दुकानातून जे स्क्रू आणले ते चांदीसारखे चमकतात आणि डोक्यावर ती फुली. एक लावून बघितला, सगळं काम बिघडल्यासारखं दिसलं. मग काळे स्क्रू आणले, तर त्यातल्या तीनांची डोकी पिळतानाच तुटली. चमकणारे स्क्रू काळे कसे करायचे? रंग मारायचा नाहीये. फोटो जोडलाय.

सुतारपक्षी
फोटो दिसत नाही. दार आहे की गेट? लाकूड कुठलं? बिजागरी आत राहणार की पावसात? किती नंबरचे स्क्रू आणलेत? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

जुनं_घर
तुटले ते काळे म्हणजे जिप्सम बोर्डाचे स्क्रू असणार. ते कडक आणि ठिसूळ असतात. बोर्ड पत्र्याच्या चौकटीवर धरायला ठीक, पण सागवानी फळीत पिळले की मान मोडते. दाराचं वजन त्यांच्यावर टाकू नका. आमच्याकडे अख्खी फळी खाली आली होती.

कौलारू
दार आहे, सांगितलं ना. घराचं पुढचं. दोन फळ्यांचं, सागवानी. काळे स्क्रू जिप्समचेच निघाले, दुकानदाराने 'काळे हेच' म्हणून दिले होते.

सुतारपक्षी
सांगितलं नव्हतं. असो. स्टेनलेस घ्या, ३०४ ग्रेडचं. वर काळा मॅट स्प्रे मारा, विषय संपला. मी २२ वर्षं हेच करतोय, एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही.

ऐरणीचा
सुतारदादा, राग मानू नका, पण ते रंग नको म्हणतायत आणि त्यांचं बरोबर आहे. स्प्रे मारलेला स्क्रू पिळला की खाचेतला रंग निघतो, काळ्या डोक्यात चमकती फुली उरते. हातोड्याच्या घावांशेजारी ती आणखीच डोळ्यात येते.
आमच्या घरी तीन पिढ्या लोहारकाम. मला आधी एक सांगा. बिजागरीची भोकं पोगराने, म्हणजे ठोकून भोक पाडायच्या हत्याराने, पाडलीत की ड्रिलने? आणि भोकाच्या तोंडाशी वाटीसारखा उतार दिलाय का? तुम्ही चपट्या उतरत्या डोक्याचे, म्हणजे सीएसके स्क्रू आणले असाल, तर सरळ पाडलेल्या भोकात ते कधीच नीट बसणार नाहीत. रंगाचा प्रश्न त्यानंतरचा.

आक्का२
पुढच्या दाराचं काम काढलंच आहे तर चौकट वाळवीसाठी तपासून घ्या. उंबऱ्याजवळ टोकदार सुरी खुपसून बघायची. आमच्या दाराला वरून काही नव्हतं, आतून भुगा. करंज तेल वर्षातून दोनदा लावते, फरक आहे.

कौलारू
आक्का, चौकट नवीन आहे.
ऐरणीचा, भोकं पोगराने गरम असतानाच पाडलीत, उतार नाही. हो, मी सीएसकेच आणलेत, ८ नंबर, ५० मिमी. डोकं वर तरंगतंय, मला वाटलं पूर्ण पिळलं की बसेल.

ऐरणीचा
नाही बसणार. अर्धगोल डोक्याचे लाकडी स्क्रू घ्या, एका खाचेचे. नव्या दुकानात 'आता येत नाहीत' म्हणतील. जुन्या बाजारपेठेत जिथे खिळे अजून किलोवर तोलून देतात तिथे विचारा, मागच्या फळीवर डबा असतो. एक खाच आणि गोल डोकं, निम्मं काम तिथेच होतं. फुलीचा स्क्रू १९३० च्या दशकातला. त्याच्या आधीच्या घडीव कामाला तो परका दिसणारच.

लांबचा_प्रवासी
खरं तर जुन्या वाड्यांच्या दारांना स्क्रू नव्हतेच. गुळमेखा होत्या. मोठ्या डोक्याचा घडीव खिळा पट्टीतून आणि फळीतून आरपार घालायचा, पलीकडे आलेलं टोक मुरडून परत लाकडात ठोकायचं. सागवान सुकलं, हललं तरी पकड सुटत नाही. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर तर हत्तीने धडक देऊ नये म्हणून टोकदार सुळेच बसवलेत, कपाळाच्या उंचीला. मी परवा तिथे तासभर फक्त दरवाजाच बघत उभा होतो.

पक्का_पुणेकर
त्या सुळ्यांसाठी दुसऱ्या मजल्यावरून बघू नका, खाली दाराशी उभं राहून मान वर करून बघा. शाळेच्या सहली आत पळतात, दाराकडे कुणी बघत नाही. वाडा १७३० ते १७३२ मध्ये बांधला, दार त्याच प्रकारच्या कामाचं.

कौलारू
गुळमेखा खूप आवडल्या असत्या, पण लोहारकाका सण आणि भातकापणी उरकेपर्यंत आपल्या गावी गेलेत. माझ्याकडे स्क्रूच आहेत. काळे कसे करायचे?

रसायनी
चमक म्हणजे जस्ताचा मुलामा. तो काढल्याशिवाय काहीही काळं टिकणार नाही, म्हणून पहिली पायरी तीच. आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते: मुलामा न काढता स्क्रू विस्तवात टाकू नका. जस्त ४१९ अंशाला वितळतं, ९०७ ला उकळतं, लाल तापलेल्या भट्टीत त्याचा पांढरा धूर होतो. तो श्वासात गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. एका वर्कशॉपमध्ये हे मी स्वतः पाहिलंय.
स्वयंपाकघरातला पांढरा व्हिनेगर घ्या, काचेच्या बरणीत स्क्रू बुडवा, झाकण घट्ट लावू नका. बुडबुडे येतात तो हायड्रोजन. एक रात्र, कधी दोन. बुडबुडे मंदावले आणि स्क्रू राखाडी दिसला की जस्त गेलं. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, धुवा.

सुतारपक्षी
दोन रात्री कशाला? फरशीचं अ‍ॅसिड ५ मिनिटांत काम करतं.

रसायनी
करतं, आणि त्याच ५ मिनिटांत डोळ्यांतही जातं. अ‍ॅसिडचा वापर करायचाच तर अंगणात, वारा पाठीमागून येईल असं उभं राहून, हातमोजे, चष्मा, आणि पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडात पाणी नाही. त्याची वाफ शेजारच्या हत्यारांना रात्रीत गंज आणते, तुमच्या पट्ट्यांनाही. पिवळसर मुलाम्याच्या स्क्रूत क्रोमियमही असू शकतं, ते पाणी विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. शिवाय कडक पोलादाचे बोल्ट, १०.९ किंवा १२.९ ग्रेडचे, अ‍ॅसिडात बुडवले की हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ होतात, ताणाखाली अचानक तुटतात. मऊ लोखंडाच्या साध्या लाकडी स्क्रूला तो धोका फारसा नाही.

सुतारपक्षी
तरी माझं म्हणणं स्टेनलेसच. हे सगळं करून दोन पावसाळ्यांत गंजलं तर? घर कुठे आहे ते अजून सांगितलेलं नाही.

कौलारू
दापोली तालुका, समुद्र चालत दहा मिनिटांवर. दार पडवीत आहे, पाऊस थेट लागत नाही पण खारा वारा बारा महिने.

सुतारपक्षी
हे पहिल्या ओळीत हवं होतं!

रसायनी
आता सुतारदादांचं थोडं खरं मानावं लागेल. लहान स्टेनलेस स्क्रू आणि मोठी लोखंडी पट्टी ही जोडी चालते, कारण गंज मोठ्या पट्टीभर पसरतो. उलटं, म्हणजे मोठ्या स्टेनलेस पत्र्यावर छोटे लोखंडी स्क्रू, हे वाईट, स्क्रूच आधी खलास. पण स्टेनलेस घरी काळं करणं अवघड, तापवलं तर तपकिरी-जांभळं होतं, लोखंडाशी जुळत नाही. त्यात ३०४ ला समुद्रकाठी चहासारखे डाग पडतात, ३१६ त्याहून बरं. पडवीतल्या दाराला, जिथे कौलारू दरवर्षी हात फिरवणार आहेत, तिथे लोखंडालाच लोखंड.

हिरडा_वनस्पती
कापड रंगवताना लोखंड आणि हिरड्याचा काळा रंग आम्ही नेहमी करतो. जुनी शाईसुद्धा अशीच, हिरडा आणि हिराकस (लोह सल्फेट). जस्त गेलेल्या स्क्रूला हिरड्याच्या दाट काढ्यात दोन-तीन वेळा बुडवून वाळवा, निळसर काळा होतो. जुन्नर-आंबेगावकडे आदिवासी कुटुंबं हिरडा गोळा करतात, त्यांच्याकडून घेतलात तर उत्तम. हात काळे होतील, आठवडाभर जात नाहीत.

ऐरणीचा
काढा काळं करतो हे खरं, मी पाहिलंय. पण थर पातळ. वर तेल हवंच, नाहीतर खाऱ्या वाऱ्यात टिकणार नाही. लोहाराचा काळा म्हणजे तापवून तेलात दिलेला. पट्टी लाल करून घडवली, मग उष्ण असताना बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, चोपडलं, तो काळेपणा. स्क्रूलाही तोच द्यायचा.
कौलारू, आता नीट वाचा. जस्त काढलेले, कोरडे स्क्रू. पहिल्यांदा डोक्याचं रूप. व्हाइसमध्ये दोन मऊ लाकडी तुकड्यांत आटे धरा, डोकं वर, आणि लहान हातोड्याने कडेला फिरत हलके घाव घाला. खाच सोडायची, मधे मारायचं नाही, नाहीतर पेचकस बसणार नाही. दहा-बारा घाव पुरे. गोल गुळगुळीत डोक्यावर पैलू आले की ते मशिनचं वाटत नाही. भट्टी असेल तर फक्त डोकं लाल करून, भोक पाडलेल्या जाड पट्टीत उभं करून चार घाव. आटे विस्तवात जाऊ द्यायचे नाहीत, जळतात.
मग जुन्या लोखंडी तव्यावर स्क्रू ठेवून गॅसवर तापवा. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग जांभळा, मग निळा, साधारण ३०० अंशांला. निळा आला की सांडशीने उचलून बेलतेलात. अंगणात करा, जवळ डब्याचं झाकण ठेवा, तेल पेटलं तर झाकायचं, पाणी ओतायचं नाही.

आक्का२
तो तवा परत पोळ्यांना वापरू नका हं.

रसायनी
आणि तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल सुकताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेतं. पाण्यात भिजवून ठेवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

सुतारपक्षी
बसवण्याचं कुणी बोलत नाही म्हणून सांगतो. सागवानात आधी भोक पाडा, ८ नंबरला ३ मिमी. तयार केलेला काळा स्क्रू थेट पिळू नका, खाच घासून चमकेल. एक साधा स्क्रू आधी घालून आटे पाडा, काढा, मग मेण लावून काळा घाला. साबण नको, ओल धरतो. आणि पेचकसाचं पातं खाचेच्या मापाचं.

ऐरणीचा
ह्याच्याशी शंभर टक्के सहमत. कोयंड्याला मात्र स्क्रू नको, तो ओढ खातो. तिथे कॅरेज बोल्ट आरपार. त्याचं घुमटासारखं डोकं बाहेर, मानेखालचा चौकोन पट्टीच्या भोकात अडकतो म्हणून बाहेर खाच लागतच नाही. डोक्यावरचे छापील आकडे कानशीने काढा, मग वरसारखंच. नट आतल्या बाजूला, वॉशरची कड ऐरणीवर दोन-चार घाव घालून वेडीवाकडी करा.

लांबचा_प्रवासी
अवांतर: छत्तीसगडच्या कोंडागावला घडीव लोखंडाचे दिवे करतात, त्यात जोड असे लपवतात की शोधावे लागतात. संधी मिळाली तर नक्की बघा.

कौलारू (सहा दिवसांनंतर)
सगळ्यांचे आभार, खास करून ऐरणीचा, रसायनीताई आणि सुतारदादा. एका खाचेचे अर्धगोल स्क्रू दाभोळच्या बाजूला एका जुन्या दुकानात मिळाले, २० नग. तेही जस्तीच होते. व्हिनेगरमध्ये दोन रात्री लागल्या. धुऊन ताटात ठेवले आणि चहा घेऊन येईपर्यंत केशरी गंज धरला, सगळे परत बुडवावे लागले. दुसऱ्या वेळी उकळत्या पाण्यातून काढून लगेच तव्यावर कोरडे केले, मग नाही आला.
घाव घालताना पहिल्या दोघांची खाच बुजली, ती हेक्सॉच्या पात्याने पुन्हा कापली, आणि ती हाताने कापलेली खाचच सगळ्यात चांगली दिसते. वरची बिजागरी बसली. पडवीत उभं राहून पाहिलं तर स्क्रू कुठे आणि पट्टी कुठे हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आईने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, आजोबांच्या वेळच्या दारासारखं झालं.
एकच अडचण. स्क्रू निळसर काळे दिसतात, पट्टी राखाडी काळी. हे जुळतं का नंतर?

ऐरणीचा
जुळतं. सगळं बसल्यावर पट्टीसकट एकत्र बेलतेलाचा पातळ हात द्या, पूर्ण पुसून काढा, चिकट राहता कामा नये. दोन दिवसांनी मधमाशीचं मेण चोळा. पहिला पावसाळा गेला की एक रंग होईल. दरवर्षी गणपतीच्या आधी पुन्हा मेण.

सुतारपक्षी
फोटो आता दिसतोय. खालची बिजागरी लावताना दार पाचरीवर उचलून धरा, सगळं वजन वरच्या चार स्क्रूंवर रात्रभर ठेवू नका.

कौलारू
पाचर लावली. कोयंड्याचे बोल्ट व्हिनेगरमध्ये आहेत.