मदत हवी आहे: फीड (कच्चा माल) बदलल्यापासून एसआरयूची (सल्फर परत मिळवणाऱ्या युनिटची) फर्नेस थंड पडतेय

रसायन_रायगड: रिफायनरीतल्या हायड्रोट्रीटरवर (हायड्रोजनने तेल शुद्ध करणारं युनिट) वापरलेलं खाद्यतेल घेतल्यापासून एसआरयूच्या फर्नेसची ज्योत फडफडते, मध्येच विझते. रात्रपाळी डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. गणपतीच्या आत मार्गी लागायला हवं. डीएमडीएस (फीडमध्ये घालायचं सल्फरयुक्त रसायन) कमी-जास्त करून फरक पडेल का? लवकर सांगा.

खाडीवाला: तेल किती टक्के? ॲमाइन (हायड्रोजन सल्फाइड शोषणारं द्रावण) कोणतं? ॲसिड गॅसमध्ये (ॲमाइनमधून सुटून फर्नेसकडे जाणाऱ्या वायूत) हायड्रोजन सल्फाइड किती? हे न सांगता कोण काय सांगणार?

रसायन_रायगड: एका हायड्रोट्रीटरवर पूर्ण तेल, बाकी युनिटं क्रूडवरच. ॲमाइन सगळ्यांचं सामाईक, डीईए. हायड्रोजन सल्फाइड आधी ८० टक्क्यांच्या वर, आता ४५.

लोटे_परशुराम: डीएमडीएस बंदच करा. स्वच्छ तेलात मुद्दाम सल्फर कशाला घालायचं?

माहुलकर_निवृत्त: अजिबात बंद करू नका! हायड्रोट्रीटरमधला निकेल-मॉलिब्डेनम कॅटॅलिस्ट सल्फाइड रूपातच काम करतो. तेलात सल्फर जवळपास नसतंच, वरून दिलं नाही तर कॅटॅलिस्टमधलं निघून जातं. तुमचा त्रास कार्बन डायऑक्साइडचा आहे. तेलातल्या ऑक्सिजनचं काही पाणी होतं, काही हा वायू. डीईए हा आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही धरतं आणि फर्नेसकडे पाठवतं, पण कार्बन डायऑक्साइड जळत नाही. एमडीईए या दुसऱ्या ॲमाइनवर जा, ते हायड्रोजन सल्फाइड निवडून धरतं.

खाडीवाला: काका, मग कार्बन डायऑक्साइड रीसायकल गॅसमध्ये (हायड्रोट्रीटरमध्ये पुन्हा फिरवलेल्या हायड्रोजनमध्ये) साचेल. पर्ज (त्यातला थोडा गॅस बाहेर सोडणं) वाढवला की हायड्रोजन वाया. त्यापेक्षा फर्नेसमध्ये थोडा फ्युएल गॅस जाळा.

माहुलकर_निवृत्त: हवेचं प्रमाण जरा चुकलं की काजळी पहिल्या कन्व्हर्टरवर (फर्नेसनंतरच्या कॅटॅलिस्टच्या थरावर) बसते. ते बेड साफ करणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

किनारा_खानावळ: आमच्या अलिबागकडे हॉटेलवाल्यांनी लक्षात ठेवा, पोलर कंपाउंड (तेल पुन्हापुन्हा तापवून बनणारे घटक) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल तळणीला चालत नाही. २०१८ पासून नियम आहे. गटारात ओतू नका, गोळा करणाऱ्यांना द्या.

लोटे_परशुराम: मासे तळलेल्या तेलात मीठही असतं. क्लोराइड तपासता ना? स्टेनलेस स्टीलला तडे जातील.

रसायन_रायगड: क्लोराइड नंतर बघू, आधी फर्नेस!

खाडीवाला: सोअर वॉटर स्ट्रिपरचा (दूषित पाण्यातून अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड काढणाऱ्या युनिटचा) गॅस त्याच फर्नेसमध्ये जातो का?

रसायन_रायगड: हो, तिथेच जाणार ना.

खाडीवाला: हे आधी सांगायचं होतं. त्या गॅसमधला अमोनिया पूर्ण जळायला १२५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं. उरलेल्याचे क्षार सल्फर कंडेन्सरमध्ये बसतात. फर्नेसच्या तोंडाशी दाब वाढतोय?

रसायन_रायगड: वाढतोय. आम्ही ब्लोअरला दोष देत होतो.

माहुलकर_निवृत्त: सोअर वॉटरच्या टाकीत जागा असेल तर स्ट्रिपर आजच हळू करा. ज्वलनाच्या हवेत ऑक्सिजन वाढवायचं विचारा. २८ टक्क्यांपर्यंत सहसा जुन्या बर्नरवर चालतं, पण बर्नरवाल्यांच्या लेखी परवानगीशिवाय हात लावू नका. डीएमडीएस आहे तसंच राहू द्या.