टेक्सासमध्ये शिकार शिकायचीय तर रानडुकरापासून सुरू करा, कायोटी पहिल्या वर्षी नको

रानवाट: ह्यूस्टन-ऑस्टिनच्या आपल्या लोकांत सध्या बरेच जण विचारतायत की रानडुक्कर आणि कायोटीची (लांडग्यासारखा दिसणारा, त्याहून लहान जंगली प्राणी) शिकार सुरू करायचीय, कुठली रायफल घेऊ, थर्मल स्कोप (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणारी रायफलची दुर्बीण) कुठला घेऊ. माझं म्हणणं असं की खरेदी सगळ्यात शेवटी. आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करा (२ सप्टेंबर १९७१ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो तसाही लागतोच), मग ज्याची जमीन आहे त्या माणसाशी ओळख करा कारण इथली ९० टक्क्यांहून जास्त जमीन खाजगी आहे, आणि मग संध्याकाळी उजेड असताना फीडरपासून (जनावरांसाठी मका टाकणारा डबा) ऐंशी-नव्वद यार्डांवर आडोशाला बसा. वारा डुकराकडून तुमच्याकडे आला पाहिजे. त्याची नजर यथातथाच पण नाक जबरदस्त, वारा उलटा फिरला की कळप येतच नाही, कितीही भारी स्कोप असू दे.

डुक्कर आधी का, तर हा प्राणी इथला नाहीच. स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात आणलेली पाळीव डुकरं, त्यात १९३०च्या सुमारास शिकारीसाठी सोडलेले युरोपातले रानडुक्कर मिसळले, आणि आज एकट्या टेक्सासचा अंदाज २० लाखांच्या वर जातो. सीझन नाही, लिमिट नाही, आणि २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर लायसन्सही लागत नाही. शिवाय मांस खाता येतं. नेम मात्र हरणासारखा धरू नका, डुकराचं हृदय आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात, मोठ्या नराच्या खांद्यावर जाड चिवट कातडीची ढालच असते. मागे गोळी लागली की जनावर झाडीत शिरून तासन् तास तडफडतं, हे नवख्याच्या हातून होऊ नये म्हणूनच एवढं लिहितोय.

माळरान: डुक्कर इथलं नाही इथपर्यंत सहमत. पण शिकारीनं ते कमी होतं हा समज चुकीचा आहे. संख्या नुसती आहे तेवढी ठेवायची तरी दरवर्षी ७० टक्क्यांच्या आसपास काढावी लागतात असं सांगतात, आणि तुम्ही फीडरवर एक मारता तेव्हा बाकीचा कळप हुशार होऊन शेजारच्या शेतात जातो. मिझूरी राज्याने याच कारणाने २०१६ साली आपल्या कॉन्झर्वेशन खात्याच्या जमिनीवर डुकराची शिकार बंद केली, तिथे मोठे ट्रॅप लावून अख्खा कळप एकदम धरतात. शेतकऱ्याला खरी मदत करायचीय तर ट्रॅप लावायला जा.

रानवाट: @माळरान ट्रॅपला माझा विरोध नाहीच. ज्या रँचवर ट्रॅपला मका टाकून कळप सवयीचा करणं चाललंय तिथे गोळी झाडू नये, हे मी मालकाला आधी विचारतो. पण ट्रॅपमध्ये न शिरणारी डुकरं उरतातच, ती कोणीतरी टिपावीच लागतात. आणि मी शिकार शिकण्याबद्दल लिहिलंय, राज्यातली डुकरं संपवण्याबद्दल नाही.

लबक_वाला: मला उलट वाटतं, सुरुवात कायोटीनेच करावी. २२३ रायफल पुरते, धक्का कमी त्यामुळे नवखा दचकत नाही. जखमी सशाचा आवाज काढणारा कॉलर लावायचा आणि पंधरा-वीस मिनिटं न हलता बसायचं. कायोटी वळसा घालून वाऱ्याखालून येतो, त्याला पकडायचं म्हणजे वारा, आडोसा, संयम सगळं शिकता. फीडरखाली मका खाणारं डुक्कर मारून काय शिकणार? आणि शेळ्या-मेंढ्यावाल्यांना विचारा करडांच्या दिवसांत काय होतं ते.

सावली: @लबक_वाला करडांच्या राखणीला ग्रेट पिरनीज कुत्री किंवा गाढव ठेवणारे कितीतरी रँचवाले आहेत. कायोटी इथलाच प्राणी, उंदीर-ससे खाऊन राहतो. मारला की उरलेल्यांना जास्त पिल्लं होतात, जागा पुन्हा भरते. वसंतात मादी मारली तर बिळातली पिल्लं उपाशी मरतात. आणि गॅल्व्हेस्टन बेटावरच्या कायोटींमध्ये रेड वुल्फचा (जवळपास नामशेष झालेला इथला तांबडा लांडगा) अंश सापडलाय, २०१८ला आलं होतं ते संशोधन. जो प्राणी खाणार नाही, ज्याने तुमचं काही नेलं नाही, त्याला नुसतं शिकण्यासाठी का मारायचं? मला हे अजिबात पटत नाही.

रानवाट: सावलीताईंचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच कायोटी पहिल्या वर्षी नको म्हटलं. अजून एक, रात्री थर्मलमध्ये कायोटी आणि कुणाचं तरी कुत्रं यातला फरक नवख्याला कळत नाही. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्कं दिसल्याशिवाय ट्रिगरवर बोट नको.

केटीकर: सगळ्यात महत्त्वाचं कोणीच लिहिलं नाही. एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट मिळते. म्हणजे टेक्सास म्हणतं डुकराला लायसन्स नको, पण व्हिसावाल्याला ते पाहिजेच, नाहीतर मित्राची रायफल नुसती हातात धरणंही फेडरल गुन्हा होतो आणि ग्रीन कार्डाचं काय होईल ते वेगळं. रेसिडेंट लायसन्स २५ डॉलरला मिळतं. कधीही घेतलं तरी ते ३१ ऑगस्टला संपतं. रायफल घरात असेल तर १ सप्टेंबरच्या आत नवीन घ्या, आणि आधी वकिलाला विचारा.

रानवाट: @केटीकर हे सगळ्यात वर पाहिजे, व्हिसावाल्यांनी इथूनच सुरुवात करा. आणि डुक्कर सोलताना हातमोजे घाला. ब्रुसेलोसिस हा जंतूंचा आजार डुकराच्या रक्तातून माणसाला होतो, मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजलं पाहिजे, अर्धवट भाजलेलं खाऊ नका.

आंबेमोहोर: माझं माहेर संगमेश्वरकडचं. रात्रभर डबे वाजवून राखण केली तरी सकाळी भाताचं खाचर नांगरल्यासारखं झालेलं बघितलंय, आणि तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय शेतकऱ्याला हात लावता येत नाही. त्यामुळे डुकराबद्दल मला दया नाही. पण इथे जे रँचवाले माणशी फी घेऊन शिकार देतात त्यांना डुक्कर संपलेलं परवडेल का? शिकारीला असावीत म्हणून जिवंत डुकरं ट्रकमधून नेऊन दुसऱ्या रानात सोडणारेही आहेत, त्यानेच तर ती पसरली. नवखे लोक तिथेच पैसे देऊन जाणार कारण ओळख नसते. रानवाट, तुम्ही जमीनमालकाशी ओळख करा म्हणता, मग ज्याच्या मक्याचं, भुईमुगाचं नुकसान होतंय त्याच्याकडे जा आणि फीवाल्या रँचवर जाऊ नका असंही पहिल्या पोस्टमध्ये घाला.

लबक_वाला: @आंबेमोहोर अनोळखी माणसाला रायफल घेऊन शेतात कोण येऊ देतो? फी नसेल तर नवख्याला जागाच मिळणार नाही.

आंबेमोहोर: मग आधी एक सीझन माळरान म्हणतायत तसे ट्रॅप लावायला जा त्याच्याकडे, ओळख तिथेच होईल.