भागाकाराला उड्या कशाला?

डिचोलीची आई
काल इथे एकांनी लिहिलं, "संख्यारेषेवर उड्या मारून भागाकार शिकवणं ही वेळेची नासाडी. पाढे पाठ करून घ्या." दिवसभर डोक्यातून गेलं नाही. माझ्या तिसरीतल्या मुलीला पाचाचा पाढा तोंडपाठ, तरी १७ भागिले ५ म्हटलं की डोळ्यांत पाणी. शेवटी अंगणात खडूने रेघ ओढली, तिला १७ वर उभं केलं. पाच-पाच घरं मागे: १२, ७, २. तीन उड्या झाल्या, चौथी बसेना. "आई, हे दोन म्हणजे बाकी?" तिनेच विचारलं. पाढ्याने हे कधी सांगितलं होतं?

पेडण्याचा निवृत्त मास्तर
पोस्ट माझीच. १७ ठीक आहे. ४३२ भागिले ६ ला ७२ उड्या मारणार? आणि १२ पाव ४ मुलांत वाटायचे तर उडी केवढी तेच ठाऊक नसतं, तेच तर काढायचं असतं. शिवाय मुलं उड्या सोडून थांबे मोजतात, १७ सकट, आणि उत्तर लिहितात चार. तीस वर्षं असल्या वह्या तपासल्यात.

म्हापसेकर
खरं दुखणं भाषेचं आहे. २०११ साली आपल्या गोवा सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं ठरवलं, तिथून घोळ वाढला. माझा भाचा मासळी बाजारात बांगड्यांचे वाटे रोज बघतो. शाळेत तीच गोष्ट परक्या शब्दांत येते आणि पोर गप्प बसतं.

फोंड्याचा बाप
आलात माध्यमावर! माझी मुलगी इंग्रजीतूनच शिकली, गणितात कुठे अडली नाही. पोटाला चिमटा काढून फी भरलीय आम्ही. दर वेळी आम्हालाच गुन्हेगार ठरवू नका.

म्हापसेकर
तुमच्या मुलीला घरी समजावणारं कोणीतरी होतं. भाच्याचे आईबाप दोघेही कामावर. त्याला कोण समजावणार?

फोंड्याचा बाप
मीही रात्रपाळी करूनच शिकवलंय. मला सांगू नका.

डिचोलीची आई
भागाकाराचं बोलूया का? मास्तर, ४३२ मधून सहाच्या ५० उड्या एकदम घ्या, ३०० गेले. उरलेल्या १३२ मधून २० उड्या, १२० गेले. राहिले १२, आणखी दोन. झाल्या ७२.

पेडण्याचा निवृत्त मास्तर
त्याला सहा पंचे तीस यावंच लागतं, म्हणजे पाढा सुटत नाहीच. बरं, बाकी कळायला रेघ चांगली, एवढं मानतो. वाटणीला मात्र हातात चिंचोके द्या.

डिचोलीची आई
चिंचोके आहेत घरात. आज संध्याकाळी १२ मोजून देते तिला.